तीन वर्षांचं तापमान आणि पाऊस आवाजात ऐकायचाय: मॅपिंग कुठे चुकतंय?

पर्जन्यमापी

एका स्वयंचलित हवामान केंद्राचा तीन वर्षांचा डेटा आहे. दर तासाला एक ओळ, एकूण २६,२८० ओळी. रकाने तीन: तापमान (५ ते ४५ अंश सेल्सिअसच्या आत), सापेक्ष आर्द्रता आणि तासाभरातला पाऊस मिलिमीटरमध्ये. आलेख काढून झालेत. आता हाच डेटा आवाजात आणायचाय, कारण ऐकणाऱ्यांत काही जण पूर्ण अंध आहेत. त्यांना आलेखाचं शब्दांतलं वर्णन नको, खुद्द डेटा हवा आहे. शिवाय अडकलेला सेन्सर, अवेळी आलेला गारवा अशा गोष्टी आलेखाच्या गर्दीत दबून जातात. त्या कानाला सापडतात का, तेही बघायचंय.

सध्या पायथन आणि नमपाय (पायथनमधली आकडेमोडीची लायब्ररी) यांत असं केलंय. तापमान सरळ प्रमाणात २०० ते १६०० हर्ट्झवर बसवलं. सेकंदाला २४ किमती, म्हणजे एका सेकंदात एक दिवस. सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने) ४४,१००. आवाज साधा साइनचा: साइन (२ × पाय × फ्रिक्वेन्सी × वेळ). आर्द्रता आवाजाच्या मोठेपणावर टाकली. पाऊस असलेल्या तासाला वरून वेगळा छोटा स्वर.

अडचणी अशा:

१. पहिली चार-पाच सेकंदं ठीक वाटतात. पुढे आवाज सायरनसारखा वर-खाली व्हायला लागतो आणि मिनिटभरात नुसता किंचाळतो. डेटात असं काही नाही, आलेख तपासलाय.

२. पावसाच्या प्रत्येक स्वराला सुरुवातीला आणि शेवटी 'टक्' असा आवाज येतो.

३. आर्द्रता कुणालाच ऐकू येत नाही.

४. एकूणच कर्कश वाटतं. स्वर भूपाच्या पाच सुरांवर बसवले तर ऐकायला बरं होईल, असं सुचवलं गेलंय. करावं का?

फेजफरक

सायरनचं मूळ सूत्रातच आहे. फ्रिक्वेन्सी स्थिर असेल तरच 'फ्रिक्वेन्सी गुणिले वेळ' साइनच्या आत चालतं. कानाला ऐकू येते ती फेज (लाट तिच्या चक्रात कुठे पोहोचली ते) किती वेगाने पुढे सरकते ती गती. फ्रिक्वेन्सी बदलत असताना त्या गुणाकाराची गती काढली, तर मूळ फ्रिक्वेन्सीत आणखी एक पद येऊन मिसळतं: फाइल सुरू झाल्यापासूनचा वेळ गुणिले फ्रिक्वेन्सी बदलण्याचा वेग. समजा सकाळी तापमान चढताना स्वर सेकंदाला ५० हर्ट्झ या वेगाने चढतोय. पहिल्या सेकंदाला चूक फक्त ५० हर्ट्झची, साठाव्या सेकंदाला ३,००० हर्ट्झची. म्हणून सुरुवात बरी वाटते आणि पुढे बिघडत जातं. तुमच्याकडे तर स्वर दर सेकंदाला एक पूर्ण दिवस चढतो-उतरतो, त्यामुळे किंचाळणं लवकर सुरू होतं.

उपाय एका ओळीचा आहे. प्रत्येक सॅम्पलला फेज किती पुढे जायला हवी ते काढा (२ × पाय × त्या क्षणाची फ्रिक्वेन्सी ÷ सॅम्पल रेट), या सगळ्या पावलांची धावती बेरीज करा, आणि साइन त्या बेरजेचा घ्या. नमपायमध्ये धावत्या बेरजेला कमसम आहेच.

सॅम्पल रेट ४८,००० करा. ४४,१०० ला २४ ने भागलं की १,८३७.५ येतात. अर्धं सॅम्पल ठेवता येत नाही म्हणून कोड ते १,८३७ करतो, आणि २६,२८० किमतींच्या शेवटी ०.३ सेकंदाचा फरक साचतो. तुमच्या वेगात ते सात तास झाले. तापमान आणि पाऊस वेगवेगळ्या पद्धतीने मांडले असतील तर शेवटच्या महिन्यात पाऊस आणि गारवा एकमेकांपासून सुटलेले ऐकू येतील, आणि ते कुणाला कळणारही नाही. ४८,००० ÷ २४ = २,००० पूर्ण. दोन किमतींच्या मधली सॅम्पल्स इंटरपोलेशनने (एका किमतीपासून दुसरीपर्यंत सलग सरकत) भरा. प्रत्येक किंमत २,००० वेळा तशीच ठेवली तर स्वर पायऱ्यापायऱ्यांनी चढतो आणि सेकंदाला २४ पायऱ्यांची घरघर त्यात मिसळते.

आता मॅपिंग, म्हणजे आकडा स्वरावर बसवणं. सरळ प्रमाण इथे चुकीचं आहे. कान फ्रिक्वेन्सीतला फरक मोजत नाही, पट मोजतो. दुप्पट झाली की एक सप्तक, मग ती २०० ची ४०० होवो की ८०० ची १६००. तुमच्या सरळ मॅपिंगमध्ये ५ ते १५ अंश हा प्रवास २०० ते ५५० हर्ट्झ होतो, म्हणजे जवळजवळ दीड सप्तक. ३५ ते ४५ अंश मात्र १,२५० ते १,६००, जेमतेम एक तृतीयांश सप्तक. तेच दहा अंश, पण थंडीत ते उन्हाळ्यापेक्षा चौपट मोठे ऐकू येतात. त्याऐवजी असं करा:

फ्रिक्वेन्सी = २०० × २ चा घात [३ × (तापमान − ५) ÷ ४०]

यात ५ अंशांना २०० हर्ट्झ, २५ अंशांना ५६६ आणि ४५ अंशांना १,६०० येतात. तीन सप्तकं, म्हणजे ३६ अर्धस्वर (सप्तकाला बारा), चाळीस अंशांवर पसरलेले. एक अंश म्हणजे ०.९ अर्धस्वर, कुठल्याही ऋतूत तेवढाच. शांत खोलीत, लागोपाठ वाजवलेल्या दोन स्वरांत साधारण अर्धा टक्का फरक असला तरी कानाला कळतो. इथे एक अंश म्हणजे पाच टक्क्यांहून थोडा जास्त. त्यामुळे अर्ध्या अंशाचा फरक आरामात ऐकू येईल, ०.१ अंशाचा अगदी काठावर. २०० च्या खाली उतरू नका. लॅपटॉप आणि फोनच्या छोट्या स्पीकरमधून ते फारसं बाहेरच येत नाही.

कर्कशपणाची दोन कारणं आहेत, आणि दोन्हींचा रागाशी संबंध नाही. वरचे स्वर तेवढ्याच ताकदीने वाजवले की जास्त मोठे वाटतात, कारण कान २,००० ते ५,००० हर्ट्झच्या पट्ट्यात सर्वांत तिखट असतो आणि तिकडे जावं तशी संवेदनशीलता वाढत जाते. आवाजाची ताकद फ्रिक्वेन्सीच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात ठेवा. म्हणजे सप्तकामागे ३ डेसिबलने उतार, २०० ते १,६०० मध्ये एकूण ९ डेसिबल. आणि निव्वळ साइन फार वेळ ऐकवत नाही. मूळ स्वरात दुप्पट फ्रिक्वेन्सी ०.४ ताकदीने आणि तिप्पट ०.२ ताकदीने मिसळा. स्वर भरीव होतो आणि स्वस्त स्पीकरवरही टिकतो. सगळ्याची बेरीज झाल्यावर कमाल ०.८ पर्यंत आणा आणि मगच १६ बिटमध्ये बदला. १ च्या वर गेलेली किंमत १६ बिटमध्ये उलटी फिरून ऋण होते, तिथे फटाका फुटल्यासारखा आवाज येतो.

'टक्' येतं कारण स्वर लाटेच्या मधेच तोडला जातो. प्रत्येक छोट्या स्वराला ५ ते १० मिलिसेकंदांचा चढ आणि तेवढाच उतार द्या, सरळ रेषेऐवजी कोसाइनच्या अर्ध्या कमानीचा.

आर्द्रता मोठेपणावर ठेवू नका. मोठेपणा हा सर्वांत कच्चा वाहक आहे. ऐकणारा व्हॉल्यूम बदलतो, हेडफोन बदलतो, खोलीत पंखा असतो. शिवाय स्वर वर गेला की तो आपोआप मोठा वाटतो, मग तापमान आणि आर्द्रता कशी वेगळी काढणार? दोन राशी एका आवाजात चांगल्या बसवल्याचं उदाहरण म्हणजे पल्स ऑक्सिमीटर. ठोक्यांचा वेग नाडीचा, ठोक्याची उंची रक्तातल्या ऑक्सिजनची. संपृक्तता घसरली की स्वर उतरतो, आणि पडद्याकडे पाठ असलेल्या भूलतज्ज्ञालाही ते ऐकू येतं. उंची आणि लय हे दोन वाहक एकमेकांच्या आड येत नाहीत, म्हणून ते चालतं. तुमच्याकडे उंची तापमानाला गेली, तर पावसाला ठोके किंवा खरखर द्या. आर्द्रता या फाइलमधून काढून टाका, तिची वेगळी फाइल करा.

पावसासाठी पांढरा नॉइज (सगळ्या फ्रिक्वेन्सींची मिसळ, 'शू' असा आवाज) घ्या, २,५०० ते ६,००० हर्ट्झच्या पट्ट्यात गाळून. तापमानाचा मूळ स्वर १,६०० च्या वर जात नाही, म्हणून दोघं एकमेकांना झाकत नाहीत. तिप्पट फ्रिक्वेन्सीची भर कडक उन्हात ४,८०० पर्यंत पोहोचते, पण त्या तासांना पाऊस क्वचितच असतो. पाऊस शून्य म्हणजे पूर्ण शांतता. सर्वांत हलका पाऊस −३० डेसिबलला, सर्वांत जोरदार −६ ला, आणि मधलं माप लॉगमध्ये, म्हणजे पटींच्या हिशोबात. सरळ माप ठेवलंत तर एका मुसळधार तासापुढे बाकीची रिपरिप ऐकूच येणार नाही.

एका तासाला एक सेकंद एवढं हळू वाजवणार असाल तेव्हा आणखी नेमकं करता येतं. टिपिंग बकेट प्रकारचा पर्जन्यमापक दर ०.२ मिलिमीटरला एकदा कलंडतो (तुमच्या यंत्राचं माप बघून घ्या). एक कलंडणं म्हणजे एक टिचकी. तासाला ४ मिलिमीटर म्हणजे सेकंदात २० टिचक्या, ४० मिलिमीटर म्हणजे २००. या टिचक्या समान अंतरावर टाकू नका. सेकंदाला वीस-तीसच्या वर गेल्या की त्या वेगवेगळ्या ऐकू येत नाहीत, त्यांचा एक गुणगुणता स्वर होतो, आणि तो तापमानाचा वाटतो. वेळा यादृच्छिक निवडा, मग किरणोत्सर्ग मोजणाऱ्या गायगर काउंटरसारखी तडतड येते आणि जोर वाढला की ती दाट होते.

खर्ज

वरच्या प्रतिसादाशी सहमत. भूपाबद्दल लिहितो, कारण ही सूचना प्रत्येक वेळी येते.

भूपात सप्तकाला पाच स्वर. तीन सप्तकांत पंधरा पायऱ्या. चाळीस अंश पंधरा पायऱ्यांत बसवले की एका पायरीला सरासरी अडीच अंशांहून जास्त, आणि पायऱ्याही सारख्या नाहीत. सा-रे, रे-ग, प-ध यांत दोन-दोन अर्धस्वर, ग-प आणि ध-सा यांत तीन-तीन. म्हणजे तापमान ग आणि प यांच्या मध्ये असेल तर तीन अंशांहून जास्त बदल एकाच उडीत दिसतो. हद्दीवर याच्या उलट होतं: ०.१ अंशाने स्वर बदलतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं, काहीतरी घडलं. डेटात नसलेल्या उड्या आणि डेटात नसलेला संथपणा, दोन्ही तुम्ही आत घालता. सेन्सर अडकलाय की नाही हे शोधायचं असेल तर हा मार्ग तर घातकच. अडकलेला सेन्सर आणि एका पायरीत मावलेला शांत दिवस एकसारखेच वाजतील.

आणखी एक गोष्ट. कोमल स्वरांची चौकट घेतली की तीच आकडेवारी उदास वाटते, शुद्ध स्वरांची घेतली की प्रसन्न. तो भाव डेटातून आलेला नसतो, निवडणाऱ्याने घातलेला असतो. लोकांसमोर कार्यक्रमात वाजवायचं असेल तर जरूर करा आणि तसं सांगा. अभ्यासासाठी नको.

संगीतातून खरंच घेण्यासारखी गोष्ट म्हणजे तानपुरा. आलेखात आडवी रेष असते तसा एक स्थिर षड्ज खाली लावून ठेवा. त्याशिवाय ऐकणाऱ्याला स्वर चढला-उतरला एवढंच कळतं, कुठे आहे ते कळत नाही. निरपेक्ष उंची ओळखणारे कान फार थोड्यांचे असतात. दोन स्वरांमधलं अंतर मात्र बहुतेकांना सांगता येतं.

याचा पूर्ण फायदा घ्यायचा तर मूळ तापमान ऐकवूच नका, फरक ऐकवा. त्या महिन्यातल्या त्याच तासाची तीन वर्षांची सरासरी काढा आणि प्रत्येक किमतीतून ती वजा करा. शून्य म्हणजे षड्ज, समजा ३०० हर्ट्झ. एक अंश जास्त म्हणजे एक अर्धस्वर वर, कमी म्हणजे खाली. दिवस-रात्रीचं हेलकावणं निघून जातं. नेहमीचे दिवस षड्जाला चिकटून राहतात, उष्णतेची लाट आली की स्वर तिथून सुटतो आणि दिवसेंदिवस वरच थांबतो. अवेळी गारवा आला तर मंद्राकडे घसरतो. तुम्हाला जे शोधायचंय ते इथे ऐकू येईल. मूळ फाइलमध्ये ते त्या रोजच्या लाटेखाली गाडलं जातं.

संथ वाजवलंत तर यात एक जास्तीची सोय मिळते. दोन स्वर जवळजवळ जुळलेले असले की त्यांच्यात डोल येतो, तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा जुळवताना येतो तसा. डोलाचा वेग म्हणजे दोघांच्या फ्रिक्वेन्सीतला फरक. ३०० च्या षड्जावर ०.१ अंशाचा फरक म्हणजे सुमारे १.७ हर्ट्झ, सेकंदात पावणेदोन डोल. उंचीने जे कळणार नाही ते डोलाने कळतं. अट एकच: किंमत एक-दोन सेकंद स्थिर राहायला हवी, म्हणून हे दैनिक सरासरीवर करा, तासाच्या किमतींवर नको. आणि डोल फक्त फरक किती ते सांगतो, वर की खाली ते सांगत नाही.

पर्जन्यमापी

धावत्या बेरजेने सायरन गेला, लॉग मॅपिंगने उन्हाळा-हिवाळा सारख्या मापात आले. पण आता १ मिनिट ४० सेकंदांनंतर तापमानाचा स्वर पूर्ण गप्प. पावसाची खरखर चालू राहते. पूर्वीच्या सूत्रात असं होत नव्हतं. मेमरी पुरत नव्हती म्हणून सगळं ३२ बिट फ्लोटमध्ये केलंय, तेवढाच काय तो बदल.

फेजफरक

दोन शक्यता, आणि त्या ऐकूनच वेगळ्या ओळखता येतात.

आवाज एकदम, मधूनच गेला असेल तर डेटात एक रिकामी जागा आहे, म्हणजे नॅन. पूर्वी नॅन आला की तेवढाच क्षण गप्प व्हायचा. धावत्या बेरजेत नॅन शिरला की त्यापुढची प्रत्येक बेरीज नॅन. एक रिकामा तास पुढची पावणेतीन वर्षं गिळतो. १ मिनिट ४० सेकंद म्हणजे शंभर दिवस, त्याच्या आसपासची ओळ बघा.

गप्प होण्याआधी बराच वेळ स्वर बेसूर होत गेला असेल तर ३२ बिट फ्लोट कारणीभूत. त्यात फक्त २४ बिटची अचूकता असते. फेज वाढत वाढत लाखांत गेली की लागून असलेल्या दोन आकड्यांतलं अंतरच मोठं होतं. ४०० हर्ट्झच्या स्थिर स्वराला ४८,००० च्या रेटमध्ये प्रत्येक पाऊल ०.०५२ रेडियनचं असतं. फेज दहा लाख अठ्ठेचाळीस हजारांपलीकडे गेली की हे पाऊल पूर्णांकनात शून्य होतं, बेरीज जागची हलत नाही, आणि सुमारे सहा मिनिटांनी स्वर मरतो. त्याआधी चार-पाच मिनिटं तो चुकीच्या उंचीवर वाजत असतो. तुमचं शंभर सेकंदांतच झालंय, म्हणजे आत्ता नॅनच आहे. पण तो काढल्यावर पुढे काही मिनिटांनी ही दुसरी चूक भेटेलच.

मेमरीचं खरं आहे: १,०९५ सेकंद गुणिले ४८,००० म्हणजे सव्वापाच कोटी सॅम्पल्स, ६४ बिटमध्ये एका रांगेला ४२० मेगाबाइट. पण उपाय अचूकता कमी करणं नाही, तुकडे करणं. ३० दिवसांचा एक तुकडा घ्या, फेज ६४ बिटमध्येच ठेवा, तुकड्याची शेवटची फेज २ पायने भागून बाकी पुढच्या तुकड्याला सुरुवात म्हणून द्या. ती दिली नाहीत तर प्रत्येक सांध्यावर 'टक्' परत येईल.

कानोसा

त्या रिकाम्या जागांबद्दल. त्या इंटरपोलेशनने भरून गप्प बसू नका आणि नुसती शांतताही ठेवू नका. तुमच्या फाइलमध्ये शांतता म्हणजे 'पाऊस नाही' असा अर्थ आधीच ठरलाय. ज्याला पडदा दिसत नाही त्याला फाइल अडकली की डेटा नाही, हेही कळत नाही. 'नोंद नाही' याला स्वतःचा आवाज द्या: हलका, रुक्ष, सेकंदाला आठ-दहा लाकडी टिकटिक असा काहीतरी, जो तापमानाशी किंवा पावसाशी गल्लत होणार नाही. आणि −९९.९ किंवा −९९९ अशा खोट्या किमती आधी शोधा. बरीच यंत्रं रिकाम्या जागी त्या लिहितात. मॅपिंगमध्ये −९९९ गेला तर स्वर ऐकू न येण्याइतका खाली जातो, आणि कमाल-किमान डेटातूनच काढत असाल तर उरलेली तीन वर्षं जेमतेम दीड अर्धस्वरात चेपली जातात.

अंध श्रोत्यांसाठी सर्वांत मोठी चूक म्हणजे अठरा मिनिटांची एक फाइल हातात देणं. डोळा आलेखावर कुठेही उडी मारतो, कान मारू शकत नाही. आधी झलक द्या: दैनिक सरासरी, सेकंदाला १२ दिवस, तीन वर्षं दीड मिनिटात. दर महिन्याच्या एक तारखेला एक मऊ टिचकी, एक जानेवारीला वेगळी, जरा भरीव. मग एकेक महिना ३० सेकंदांत. मग एकेक दिवस. बाणाच्या कळांनी एक किंमत पुढे-मागे जाता यावं, आणि थांबल्यावर स्क्रीन रीडरने तो आकडा वाचावा. वाजत असताना मात्र वाचू नये. बोलणं आणि तुमचे स्वर एकाच पट्ट्यात येतात, दोन्ही वाया जातात.

प्रत्येक फाइलच्या आधी मापपट्टी वाजवा: ५ अंश, २५ अंश, ४५ अंश, प्रत्येकी एक सेकंद, मधे त्या आकड्याचा उच्चार. हे न करता ऐकवलेलं तापमान म्हणजे अक्षावर आकडे नसलेला आलेख.

दिशेबद्दल: जास्त तापमान म्हणजे वरचा स्वर, हे बहुतेकांना न सांगता पटतं. पण हा नियम सगळीकडे लावू नका. वस्तूचा आकार ऐकवायचा असेल तर मोठं म्हणजे खालचा स्वर असंच बहुतेक जण धरतात, ढोल आणि घंटी आठवा. शंका असेल तेव्हा चार-पाच श्रोत्यांना दोन्ही दिशा ऐकवून विचारा, आणि त्यांतले निदान दोघं अंध असू द्या. डोळस आणि अंध श्रोत्यांची अपेक्षा दर वेळी एकच नसते.

आता खरा प्रश्न: जे ऐकू येतंय ते डेटात आहे की कानाने रचलंय? कान नमुना शोधायला इतका उत्सुक असतो की त्याला गोंगाटातही लय सापडते. चाचणी अशी करा. एका महिन्याची खरी फाइल घ्या. त्याच महिन्यातले दिवस अख्खेच्या अख्खे पत्त्यांसारखे पिसून आणखी चार फाइली बनवा. तास पिसू नका, नाहीतर दिवस-रात्रीची लाटच मोडेल आणि खरी फाइल कुणीही ओळखेल. दिवस पिसले की लाट आणि महिन्याची सरासरी तशीच राहते, मोडतो तो फक्त एका दिवसाचा दुसऱ्याशी असलेला संबंध. पाचांतून खरी ओळखायला सांगा. अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता पाचात एक. लागोपाठ तीन वेळा बरोबर येण्याची १२५ मध्ये एक. तीन वेगवेगळ्या महिन्यांवर कुणी सलग बरोबर सांगितलं तर उष्णतेची लाट किंवा गारवा टिकून राहणं त्यांना खरंच ऐकू येतंय. नाही सांगता आलं तर मॅपिंग बदला, श्रोत्याला दोष देऊ नका.

अडकलेल्या सेन्सरसाठीही हेच: माहीत असलेल्या जागी स्वतः बारा तास एकच किंमत घाला आणि किती जणांना सापडते ते मोजा.

भूलहर

सगळं मॅपिंगवर चाललंय म्हणून दुसरी वाट सांगतो. किमतींवरून स्वर बनवूच नका, किमती म्हणजेच सॅम्पल्स समजून सरळ वाजवा.

भूकंपमापकाच्या नोंदींवर हे फार जुनं आहे. बेल लॅब्ज या अमेरिकी संशोधनसंस्थेतल्या शेरिडन स्पीथ यांनी भूकंप आणि भूमिगत स्फोट कानाने वेगळे ओळखता येतात का, यावर १९६१ मध्येच निबंध लिहिला होता. हिशोब सोपा आहे. सेकंदाला १०० सॅम्पल्सची नोंद ४४,१०० ने वाजवली की ती ४४१ पट वेगाने जाते. अख्खा दिवस ३ मिनिटं १६ सेकंदांत. ०.१ ते १० हर्ट्झची जमिनीची हालचाल ४४ ते ४,४१० हर्ट्झवर येते, बरोबर कानाच्या पट्ट्यात.

तुमचे तास थोडे आहेत, पण जमतं. २६,२८० किमती ८,००० च्या रेटने वाजवल्या तर ३.३ सेकंद. दिवसाचं चक्र २४ सॅम्पल्सचं, म्हणजे ३३३ हर्ट्झचा स्वर. वर्ष १.१ सेकंदाचं. आधी ३० दिवसांची सरकती सरासरी वजा करा, नाहीतर ऋतूंचा हेलकावा सगळी ताकद खातो आणि ऐकू तर येतच नाही. मग जे ऐकू येतं ते असं: एकच स्वर तीनदा फुगतो आणि ओसरतो. दिवस-रात्रीतला फरक मोठा असतो त्या महिन्यांत भरून येतो, ढगाळ ओल्या महिन्यांत बसतो. अडकलेल्या सेन्सरचे पाच दिवस म्हणजे १२० सॅम्पल्स, १५ मिलिसेकंद. त्या जागी स्वरात भोक पडलेलं ऐकू येतं. आलेखात तीन वर्षं एका रुंदीत मावली की ते पाच दिवस तीन-चार पिक्सेल असतात.

हे वेव्ह फाइलमध्येच ठेवा. एमपी-३ करताना कानाला झाकलं जाणारं काढून टाकलं जातं, आणि तुम्ही शोधताय ते नेमकं तेच असू शकतं.

किती पटीने सरकवलं ते प्रत्येक फाइलबरोबर लिहा. २०१५ चा पहिला गुरुत्वीय लहरींचा संकेत ३५ ते २५० हर्ट्झमध्ये, पाव सेकंदाहून कमी वेळाचा होता, म्हणजे मुळातच ऐकू येण्याजोगा. याउलट नासाने २०२२ मध्ये ऐकवलेला पर्सियस दीर्घिकासमूहाचा आवाज मूळ स्वराच्या ५७ आणि ५८ सप्तकं वर आणलेला होता. हा आकडा त्यांनी सोबत दिला, म्हणून ऐकणाऱ्याला आपण काय ऐकतोय ते कळलं.

पर्जन्यमापी

नॅन होता, ओळ २,४०७. तुकडे करून ६४ बिट ठेवले, शेवटपर्यंत वाजतंय. सरासरीतला फरक आणि षड्ज लावून दुसरी फाइल केली. एक शंका: नोंद नसलेल्या तासांना टिकटिक दिली, पण त्या वेळी तापमानाचा स्वर काय करायचा? तोडला तर 'टक्', शेवटच्या किमतीवर धरून ठेवला तर अडकलेल्या सेन्सरसारखा वाटतो.

फेजफरक

फेज चालू ठेवा, ताकद शून्य करा. बेरजेसाठी रिकाम्या तासांना शेवटची किंमत तात्पुरती भरा, म्हणजे फेज अखंड राहते. मग एक वेगळी रांग करा, नोंद असेल तिथे १, नसेल तिथे ०. ती रांग १० मिलिसेकंदांच्या चढ-उतारांनी गुळगुळीत करून साइनला गुणा. एकच तास रिकामा असेल तर तुमच्या वेगात तो ४२ मिलिसेकंदांचा, उतार-चढ जाऊन बावीसेक मिलिसेकंद शांतता उरते, तेवढी पुरते. टिकटिक मात्र एका तासाच्या रिकामेपणाला लावू नका, तिची एक टिचकीसुद्धा त्यात मावत नाही. सलग सहा तास किंवा जास्त रिकामे असतील तिथूनच सुरू करा आणि मापपट्टीत तिचाही नमुना वाजवा.